पाठकोऱ्या पत्रिका

पहिल्याच भेटीत रागिणीच्या शेळीनं शिवहारचं अर्धं पुस्तक खाल्लं.

पुस्तक गोष्टीचं नव्हतं. मशीन कसं वापरायचं ते सांगणारं, चकचकीत कागदाचं, तारेनं बांधलेलं. शिरड शहापूरच्या फाट्यावर काळीपिवळी जीप थांबली, टपावरून कम्प्युटरची खोकी उतरली, आणि खोकी सांभाळायच्या नादात शिवहारनं ते पुस्तक मैलाच्या दगडावर ठेवलं. चांदी तिथंच उभी होती. शेळीला तेवढं पुरतं.

“अहो... अहो, शेळी! कुणाची आहे ही?”

“माझी.” रागिणी पळत आली आणि चांदीच्या जबड्यातून उरलीसुरली पानं ओढून काढली. ती ओली, चावलेली पानं त्याच्या हातावर ठेवत तिनं विचारलं, “काय होतं ह्याच्यात?”

“सूचना होत्या. मशीन वापरणाऱ्यांसाठी. चांगली जाडजूड...”

“मग काही नुकसान न्हाई झालं. एवढं वाचून शेळीचं औषध विचारायला कोण येणार होतं?”

त्यानं वर बघितलं. डोळे हसरे, कपाळावर घाम, ओढणी कमरेला खोचलेली. “तुम्ही कोण?”

“मी इथलं केंद्र चालवणार हाय. तुमची ऑपरेटर.”

“अच्छा, मॅडम! मी शिवहार.”

मॅडम! रागिणीनं मागं वळून बघितलं, दुसरं कुणी उभं आहे का म्हणून. मागं फक्त चांदी होती.

ते साल दोन हजार पाच. पुण्याच्या एका संस्थेनं शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्यांसाठी गावात माहिती केंद्र काढलं होतं. ग्रामपंचायतीमागची पत्र्याची खोली, एक कम्प्युटर, आणि काचेला बोट लावलं की चालणारा पडदा. जनावर आजारी पडलं तर काय करायचं, डॉक्टर आज कोणत्या गावात आहेत, बाजारात काय भाव फुटला, सगळं त्या पडद्यावर कळायचं होतं. शिवहारनं ते पुण्यात बसून तयार केलं होतं. पोरगा तसा औंढ्याचाच, आपल्यातलाच, लांबून का होईना नात्यात बसणारा. पण शिकून असा काही घासूनपुसून आला होता की बोलायला लागला की रेडिओ लावल्यासारखं वाटायचं.

रागिणी बारावी झालेली. आई नव्हती. आबा, म्हणजे नामाजी, दिवसभर मेंढरांमागं रानात. घरात आत्या भागाबाई. बापलेकीत एक करार झाला होता. केंद्र चालू आहे तोवर लग्नाचा विषय काढायचा नाही, आणि केंद्र बंद पडलं की आबा म्हणतील तिथं उभं राहायचं. परभणीकडचं एक स्थळ दाराशी येऊन बसलेलंच होतं.

तिला लग्नाचा राग नव्हता. राग होता तो सगळं ठरवून झाल्यावर पोरीला ‘बरं हाय ना गं?’ म्हणून विचारायच्या पद्धतीचा. ते काय विचारणं झालं? ताट वाढून पुढ्यात सरकवायचं आणि मग म्हणायचं, काय खाशील?

म्हणून हे केंद्र चालायला हवं होतं. आणि ते चालवायला देवानं पाठवलं कोण, तर हा!

पहिल्या आठवड्यात बघायला गाव लोटलं. पडद्यावर रंग काय, चित्रं काय, आत शिरताना वाजणारं संगीत काय. शिवहार एकेकाला उभं करून सगळं समजावून सांगायचा. ऐकणारा मान डोलवायचा, शेवटी हात जोडायचा, “लई चांगलं हाय बाबा,” म्हणायचा आणि जायचा. परत कुणी फिरकायचं नाही.

“बघितलंत मॅडम? एकानंही तक्रार केली नाही.”

“तक्रार करायला आधी वापरावं लागतंय, साहेब. कुणी बोट तरी लावलं का?”

“सवय नाही अजून. होईल.”

“सोनाजीकाका पडद्याला नमस्कार करून गेले.”

“म्हणजे आवडलं त्यांना!”

रागिणीनं कपाळावर हात मारून घेतला. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस असतो असं ती ऐकून होती, बघायला आज मिळाला.

ती रोज सांगायची. शब्द जड आहेत, माणसं लाजतात, कुठं दाबायचं ते कळत नाही. तो रोज शांतपणे ऐकायचा आणि म्हणायचा, “आता बदलायचं म्हणजे सगळं उसवावं लागेल, मॅडम. ते पक्कं झालंय.” पालथ्या घड्यावर पाणी. होळी झाल्यावर पुण्याचे लोक बघायला येणार होते. तोवर खोलीत चिटपाखरू दिसलं नाही तर मशीन उचलून दुसऱ्या गावाला न्यायचं, हेही ठरलेलं. आणि ह्या माणसाला त्याचं काही नाही! संध्याकाळी पायरीवर बसून तो मोबाईलला रेंज शोधायचा, तेव्हा त्याच्या कपाळावरची एक बट वाऱ्यानं उडत राहायची. ती बट रागिणीला का दिसायची, ह्याचाही तिला वैताग यायचा.

त्या वर्षी लाईट असण्यापेक्षा नसण्याचीच सवय जास्त होती. माघातल्या एका दुपारी अशीच लाईट गेली आणि नेमकी तेव्हाच भागाबाई दारात.

“काळ्या मेंढीचं कोकरू लंगडून राहिलं. बघ गं तुझ्या मशीनमधी.”

“लाईट आल्यावर या, आत्या,” शिवहार म्हणाला.

“कवा येईल?”

“संध्याकाळी.”

“संध्याकाळी मी भाकरी थापू का तुझ्या काचेला बोटं लावू?”

तिथं रागिणीचा धीर सुटला. कोनाड्यात लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडून होता. नामाजी चार माणसांतले. पंचक्रोशीत कुणाचं लग्न निघालं की पत्रिका यायची. कोपऱ्याला हळदकुंकू लावलेल्या, मागून कोऱ्या. टाकवत नाहीत म्हणून तिनं त्या चिठ्ठ्याचपाट्यांना ठेवल्या होत्या. तिनं एक पत्रिका पालथी केली, पेन्सिलीनं चौकटी आखल्या आणि शिवहारचेच शब्द त्यात लिहिले. मग दुसरी, मग तिसरी.

“घे आत्या. हे मशीन. दाब.”

“ह्ये? कागूद?”

“व्हय. आन् हे साहेब म्हणजे मशीनच्या आतलं सगळं. तू दाबशील त्याच्या पुढचं पान ते ठेवतील.”

“मी?” शिवहार म्हणाला.

“तुमीच बनवलंय ना? मग पुढं काय येतं ते तुमालाच ठाऊक. बसा.”

भागाबाई साक्षरतेच्या वर्गात उतारवयात अक्षरं शिकलेली. बोट ठेवून एकेक अक्षर वाचायची. “ज-ना-व-र. हां. मेंढी.” दाबलं. शिवहारनं पान बदललं. “रो-गा-चे ना-व नि-व-डा.” ती थांबली. “आरं, रोगाचं नाव ठाऊक असतं तर इथवर कशाला आले असते?”

“तसं नाही आत्या, तिथं खाली एक—”

“मशीन बोलत न्हाई!” रागिणी ओरडली.

त्यानं तोंड मिटलं.

“खोडू का?” भागाबाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता रागिणीच्या हातातली पेन्सिल घेऊन आडवी रेघ मारली. शिवहारचा चेहरा दाढ उपटल्यासारखा झाला.

“काय झालं रे?”

“मशीन बोलत नाही,” तो हळूच म्हणाला.

रागिणीनं चमकून बघितलं. ह्या माणसाला गंमत करता येते?

“ह्याच्यापरीस मेंढी काढा इथं. पाय दुखतो तर मी पायावर बोट ठेवते. तोंड आलं तर तोंडावर. मग सांगा काय सांगायचं ते.”

रागिणीनं मोठ्या तोऱ्यात मेंढी काढली. मेंढरांत वाढलेली पोर ती. तिच्याइतकी मेंढी कोण ओळखणार? तेवढ्यात पत्रिका कसल्या वाटून राहिलेत ते बघायला सोनाजीकाका आत डोकावले. कागद उजेडाला धरला.

“डुकराचं बी औषध ठेवलं का? बरं केलं.”

“मेंढी हाय ती, काका!”

“असंल बाई. तू म्हणतीस तर असंल.”

दुसरी काढली, तर आत्या म्हणाली कुत्रं. रागिणीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. आणि शिवहार हसला. असा तसा नाही, पत्रा घुमेल असा.

“काहून रागावून राहिल्या, मॅडम? माझ्यावर रेघ मारली तर चालती, आन् तुमची मेंढी...”

तो मधेच थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं असावं. बोलण्यावरची पुण्याची इस्त्री पार मोडली होती. रागिणी भांडायला वळली. दोघांचे डोळे भेटले, आणि तिनं घाईघाईनं मेंढीला शिंगं काढायला घेतली... मेंढीला शिंगं हवीत की नकोत ह्याचा विचार न करता.

कोकराच्या पायात काटा निघाला. पण त्या दिवसापासून खोलीतला पडदा झाकून ठेवला गेला आणि टेबलावर पत्रिका मांडल्या गेल्या. ज्या गावानं पडद्यापुढं हात जोडले होते, ते गाव कागदावर भांडायला लागलं. डॉक्टरांचा दिवस तारखेनं नको, बाजारावरून सांगा. बाजाराच्या आदल्या दिवशी, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. भाव आधी दाखवा. नको, औषध आधी. भागाबाई तर डॉक्टरांच्या फोटोऐवजी स्वतःचा फोटो लावा म्हणून अडून बसल्या. एक दिवस तो लावलासुद्धा, तर सोनाजीकाका पानच दाबेनात. “बाईमाणसाच्या तोंडाला बोट कसं लावू?” फोटो उतरला. सगळ्यांचंच ऐकायचं म्हणजे सगळंच ठेवायचं असं नाही, एवढं तिघांनाही कळलं.

शिवहार मुकाट बसून पानं बदलायचा. कुठं माणूस अडतो, कुठं बोट हवेत थांबतं, ते बघत राहायचा. पानं उचलताना कधी त्याची बोटं रागिणीच्या बोटांवर पडायची आणि उचलायला अंमळ उशीर करायची. पत्रिकांच्या कोपऱ्यांची हळद दोघांच्या बोटांना लागून राहायची.

“दोघान्लाबी हळद लागली की गं!” भागाबाई दारातून म्हणाल्या.

“आत्या! कामं न्हाईत का तुला?”

“हायेत की. बघून राहिले.”

एकदा अवकाळी सर आली. अंगणात शिजवलेली हळद वाळत पडलेली. सगळं गाव ताडपत्र्या घेऊन धावलं. नामाजीच्या अंगणात एका टोकाला रागिणी, दुसऱ्या टोकाला शिवहार. ओल्या हळदीचा वास, पत्र्यांचा ताशा, आणि मधे फडफडणारी ताडपत्री. परत आले तोवर खिडकीतून पाणी येऊन पानांचा लगदा झाला होता, आणि कोरडं राहिलेलं एकुलतं एक पान चांदी खात होती. आठवडाभराचं काम! रागिणीनं हात टेकले. “गेलं सगळं...”

“काय गेलं?” शिवहारनं ओल्या केसांवरून हात फिरवला. “चहा टाका. उकळेस्तोवर नवीन काढू. कुठं काय होतं ते सगळं तोंडपाठ हाय मला.” पेन्सिलीला टोक करता करता तो थांबला. “एक सांगा मॅडम. पडद्यापुढं गप बसणारी माणसं कागदावर काहून एवढी भांडतात?”

“पडदा तुमचा होता. तयार होता. त्याला नाव ठेवलं तर तुमाला वाईट वाटंल म्हणून गप बसायची. पेन्सिल दिसली की माणसाला वाटतं, अजून ठरलं न्हाई. अजून आपलं ऐकतील.”

तिच्याकडं बघता बघता त्यानं पेन्सिल निम्मी तासून टाकली. चहा उतू गेला.

होळी झाली. कागदावर पटलेलं सगळं पडद्यावर गेलं. पुण्याचे लोक आले, आणि भागाबाईंनी कुणी न सांगता पुढं होऊन मेंढीच्या पायावर बोट ठेवलं, पुढचं पान वाचलं आणि पाहुण्यांकडं वळून विचारलं, “तुमचं काही दुखून राहिलं का? बघू का?” केंद्र राहिलं.

त्या संध्याकाळी पायरीवर शिवहार म्हणाला, “आता ‘मॅडम’ सोडून ‘रागिणी’ म्हटलं तर... चालेल?”

“पेन्सिलीनं म्हणून बघा. पटलं न्हाई तर खोडू.”

“रागिणी.”

तिनं खोडलं नाही.

आणि मग, चारच दिवसांनी, ह्या शहाण्यानं केलं काय? ती केंद्र बंद करून घरी आली तर ओसरीवर सतरंजी. नामाजी, औंढ्याचे शिवहारचे काका, आणि कडक इस्त्रीच्या शर्टात शिवहार. सगळं ठरलेलं. आबांना करार आठवतही नव्हता. तारीख अक्षय तृतीयेची. शालू हिरवा. शिवहारला संस्थेनं पुण्यात बढती दिलेली, म्हणून बिऱ्हाड पुण्याला. साखर ताटात तयार. सगळ्यांचे चेहरे फुललेले, आणि शिवहारचा सगळ्यात जास्त. पोरीला केवढी खुशी होईल, ह्या भरवशावर बसलेला.

रागिणीला ते जिव्हारी लागलं. नको होता म्हणून नव्हे... हवा होता म्हणूनच. परभणीचा कुणी असता तर ती भांडली तरी असती. पण ह्यानं? ज्यानं महिनाभर समोर बसून बघितलं, त्यानं?

“बरं हाय ना गं?” नामाजींनी विचारलं.

तिनं शिवहारकडं बघितलं. मग दोन्ही हात जोडले.

“लई चांगलं हाय,” ती म्हणाली, आणि आत गेली.

ओसरीवर सगळे हसले. पोर लाजली! एकट्या शिवहारचा कप ओठाशी थांबला. त्यानं तो खाली ठेवला.

“काका,” आतून रागिणीला त्याचा आवाज ऐकू आला, “साखर नका वाटू. थांबा.”

“काहून? पोरगी व्हय म्हणाली की!”

“न्हाई म्हणाली. मला कळलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केंद्र उघडायला गेली तर तो पायरीवर. शर्ट चुरगळलेला, काखेत पत्रिकांचा गठ्ठा. ती त्याला ओलांडून आत गेली. तो मागोमाग येऊन टेबलापलीकडं बसला आणि तिच्यापुढं एक पान ठेवलं.

‘शिवहार चुकला.’ खाली दोन चौकटी. व्हय. न्हाई.

रागिणीनं ‘व्हय’ असं दाबलं की टेबल हाललं.

दुसरं पान. ‘किती?’ थोडा. लई.

“तिसरी चौकट न्हाई का? ह्याच्यावरची?”

तो बोलायला गेला. तिनं नुसता डोळा वटारला. मशीन गप बसलं. तिनं ‘लई’ दाबलं.

‘राहायचं कुठं?’ पुणे. औंढा. शिरड. तिनं पेन्सिल घेतली, पुण्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘केंद्र सुटणार न्हाई.’ दाढ उपटल्यासारखा चेहरा झाला, पण त्यानं गठ्ठ्यातून दुसरं पान काढून, बढती नको म्हणून संस्थेला काय कळवायचं त्याचा कच्चा मजकूर दाखवला. तो पेन्सिलीनंच लिहिलेला होता. म्हणजे हा विचार करून आला होता तर... मग तारखेचं पान आलं. मग शालूच्या रंगाचं.

“झाली सगळी?”

त्यानं मान हलवली.

“पहिलं पान कुठंय?”

तो गोंधळला. गठ्ठा चाळला. खाली वाकून टेबलाखाली बघितलं.

“मशीन सुरू होतं ते पान. राहायचं कुठं, नेसायचं काय, सगळं विचारलं. त्याच्या आधीचं विचारायचं पान कुठं हाय?”

शिवहारनं तिच्याकडं बघितलं, गठ्ठ्याकडं बघितलं, आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. पुन्हा! रात्रभर बसून एवढी पानं काढली, आणि पुन्हा तेच राहिलं. त्याचा तो उतरलेला चेहरा बघून रागिणीला हसावं की त्या गठ्ठ्यानं त्याला बडवावं, ते कळेना.

“आता बसता काय? पेन्सिल हाय की.”

त्यानं एक कोरी पाठ ओढली. त्याचं अक्षर नेहमी छापल्यासारखं. आज ओळ चढली, उतरली. पान तिच्यापुढं सरकवून तो हात मांडीवर घेऊन बसला.

‘रागिणी, मी तुला पसंत आहे का?’

व्हय. न्हाई.

ती बघत राहिली. बाहेर कुणाच्या तरी कढईची हळद शिजत होती, तिची वाफ खिडकीतून आत येत होती. वाऱ्यानं त्याच्या कपाळावरची बट उडाली. तिनं बोट उचललं... आणि हवेतच थांबवलं. बोट कुठं थांबतं ते बघायला शिकलेला माणूस श्वास धरून बसला.

“दाब की गं बाई!” दारातून भागाबाई म्हणाल्या. “मशीन रडायला आलं!”

“मला माझ्या टायमानं दाबू दे, आत्या.”

तिनं कागद उचलला, ‘न्हाई’ची चौकट अलगद फाडली आणि खिडकीतून हात बाहेर काढला. चांदी तिथं होतीच. चांदीनं ‘न्हाई’ खाल्लं.

शिवहारच्या चेहऱ्यावर काय काय आलं, आणि त्यानं तोंड उघडलं. “रागिणी, मी...”

“मशीन बोलतं का?”

त्यानं मान हलवली. डोळे मात्र गप बसेनात.

“मग ते तारखेचं पान काढा परत,” ती पेन्सिलीचं टोक बघत म्हणाली. “आबा भिडेनं बोलले नसतील, पण अक्षय तृतीयेला ते मेंढरांमागं लांबच्या रानात असतात. लगीन कोण लावणार, तुमचा कम्प्युटर?”